"त्या आईला काहीच कळत नाही": मूल सिनेमावर बोलतं तेव्हा

"माझो झील उलट बोलूक लागलो, मॅडम. पिक्चर बघून बघून." मालवण तालुक्यातल्या एका आईने आमच्याकडे केलेली ही तक्रार. सिनेमा बंद करू का, हा तिचा प्रश्न. मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. वडील चाकरमानी, गणपतीला आणि शिमग्याला येतात, रजा मिळाली तर मे महिन्यात. घरी आई आणि आजी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, दोन-तीन घरांतल्या गोष्टी एकत्र केल्या आहेत.)

झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत आईने मुद्दाम 'किल्ला' लावला. अविनाश अरुण यांचा हा चित्रपट २०१५ मध्ये थिएटरात आला. त्याआधी २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी त्याला क्रिस्टल बेअर दिलं होतं. पाऊस आणि समुद्र आपल्याकडचाच, मुलगाही आपल्या मुलापेक्षा थोडाच लहान, म्हणून तिने तो निवडला. वडील वारलेले, आईची बदली झालेली, आणि चिन्मय पुण्याहून कोकणातल्या गावात येतो, एवढी गोष्ट तिला माहीत होती. सिनेमा संपल्यावर मुलगा फाडकन म्हणाला, "त्या आईला काहीच कळत नाही. बदली झाली की उचलायचं पोराला आणि निघायचं. त्याला विचारलं का कोणी?"

आईला ते लागलं. तिने लगेच सुनावलं, "एकटी बाई कशी घर चालवते ते दिसलं नाही तुला?" रात्री नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं, "ऐका, तुमचा मुलगा काय म्हणतो." त्यानंतर मुलगा सिनेमा मोबाइलवर, हेडफोन लावून, एकटाच बघू लागला.

आम्ही आईला एकच विचारलं: घरात सध्या मुलाबद्दल काही ठरतंय का? ती सहज म्हणाली, नववीपासून त्याला काकांकडे डोंबिवलीला पाठवायचं ठरलंय, तिकडे क्लास चांगले आहेत. मुलाला कधी सांगितलं? "त्याला माहीत आहे की." म्हणजे फोनवरचं बोलणं त्याने ऐकलं होतं. समोर बसवून कुणी सांगितलं नव्हतं, विचारणं तर दूरच.

या वयात मुलं मोठं होण्यावरच्या सिनेमांबद्दल इतक्या तावातावाने बोलतात याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. "मला जायचं नाही" असं म्हटलं तर रडका ठरतो, आईचं मन दुखतं, बाबांचा खर्च मोजला जातो. "चिन्मयला विचारायला हवं होतं" यात यातलं काहीच होत नाही. म्हणून हे मत खोडून काढायचं नसतं. आई पात्राची बाजू घेऊन भांडली, आणि मुलाने स्वतःचं म्हणणं सांगायला काढलेली एकुलती एक वाट बंद झाली.

तिला जे करायला सांगितलं ते असं. सिनेमा एका बैठकीत, टीव्हीवर, दोघांनी बघायचा. मधे थांबवून "बघ, बघ, असं वागायचं नसतं" हे अजिबात नाही, कारण थांबवलं की मूल पडदा सोडून आपल्या चेहऱ्याकडे बघायला लागतं आणि काय बोललं तर चालेल याचा अंदाज घेतं. (लाइट गेली तर गेली, उरलेला दुसऱ्या दिवशी.) संपल्या संपल्या काही विचारायचं नाही. डोळे भरलेले दिसले तर पाणी आणून द्यायचं, त्यावर बोलायचं नाही. विषय दुसऱ्या दिवशी काढायचा, तोही हात कामात असताना: मासे साफ करताना, नारळ सोलताना, कोकमं फोडताना. समोरासमोर बसवलं की मुलाला ती चौकशी वाटते. शेजारी बसून दोघांची नजर कामावर असली की तो बोलतो.

प्रश्नही बदलायला सांगितला. "यातून काय शिकलास?" या प्रश्नाला मुलं शाळेतलं उत्तर देतात. "तुला कुठलं खोटं वाटलं?" किंवा "कुणाचा राग आला?" असं विचारलं की खरं मत बाहेर येतं. मग फक्त "का रे?" एवढंच, आणि गप्प. आईने स्वतःचं मत जरूर सांगावं, पण आपल्याला काय वाटलं इतकंच, मुलाला दुरुस्त करण्यासाठी नाही. आणि बोलणं चिन्मयवरच ठेवायचं. आपल्या घरावर ते मुलानेच आणायचं, आईने नाही. शेवटचं आणि तिला सगळ्यात जड गेलेलं: त्याने सांगितलेलं त्याला न विचारता मुंबईला वडिलांना कळवायचं नाही.

पहिल्या खेपेला बिनसलं. मुलगा किल्ल्यातल्या प्रसंगावर बोलत होता. मित्र निघून जातात आणि चिन्मय पावसात एकटा मागे राहतो, तो प्रसंग. "त्याने नंतर बोलणं सोडलं ते बरोबरच केलं," तो म्हणाला. आईने घाईने विचारलं, "म्हणजे तुला पण असं एकटं वाटतं का?" मुलगा उठून गेला. हे फार घरांत होतं. आईबापांना दार उघडलेलं दिसतं आणि ते लगेच आत शिरतात. तिथे "मग मित्रांनी काय करायला हवं होतं?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

दुसऱ्या वेळी ती मुलाला म्हणाली, "मला त्या आईचीही कीव आली. नवरा नाही, गाव नवीन, ऑफिस नवीन." मुलगा सुरमईचे खवले काढत होता. बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "ते ठीक आहे. पण तिने निदान सांगायचं तरी. तुम्ही मला कुठे सांगितलंत?"

इथे आईने काय उत्तर द्यावं हे आधी बोलून ठेवलं होतं. समजूत घालायची नाही, क्लासचे फायदे मोजायचे नाहीत. "नाही सांगितलं. चुकलं आमचं. तुला काय वाटतं ते सांग," एवढंच. तिने तसंच केलं.

प्रत्येक मतामागे असं काही दडलेलं असतं असं मात्र धरून चालू नका. कधी सिनेमा खरंच कंटाळवाणा असतो. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा निघतो, राग त्या गोष्टीच्या मानाने जास्त असतो आणि विषय घरातल्या एखाद्या निर्णयाला लागून असतो, तेव्हा कान द्या. एकदाच बोलून विसरला तर तुम्हीही विसरा.

प्रेमाच्या सिनेमांवरून तर घराघरांत भांडणं. मुलगी म्हणते, "पळून गेले ते बरोबर केलं," आणि आई विचारते, "तुझं कोण आहे?" संपलं बोलणं. त्याऐवजी सिनेमा पुढे न्या: दुसऱ्या महिन्याचं भाडं कोण भरतं, बारावीचा फॉर्म कोण भरतं, तिला ताप आला तर कोणाला फोन करते? मुली यावर फार नेमका विचार करतात. वयाचं प्रमाणपत्र आधी बघाच. चित्रपट कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएमध्ये (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचे सिनेमे) ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट आहेत, आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये १३+ पासून पुढे पालकांना लॉक लावता येतं.

एका गोष्टीत थांबू नका. मूल मरणाचा, जीव देण्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा लावून बघतंय, "सुटला तो" असं म्हणतंय, दोन आठवडे झोप आणि जेवण बिघडलंय, मित्र तोडलेत, तर सिनेमाच्या आडून बोलत बसायचं नाही. सरळ विचारायचं, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं ठेवू नका आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर लगेच फोन करा. तो मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

या घरात ती वेळ नव्हती. मुलाच्या परवानगीने आईने वडिलांशी बोलणं केलं, स्पीकर बंद ठेवून. मग वडिलांनी मुलाला वेगळा फोन केला. डोंबिवली रद्द झालेली नाही, पक्कीही नाही. मे महिन्यात तो १५ दिवस काकांकडे राहून शाळा आणि क्लास बघून येणार, त्यानंतर तिघं मिळून ठरवणार. तो गाडीतून उतरल्या उतरल्या "कशी वाटली शाळा?" असं विचारायचं नाही, हे आईशी आत्ताच बोलून ठेवलंय.