आजोबांसाठी केलेली प्रार्थना

प्रिय ताई,

नागपूरच्या मेकोसाबागहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. संडे स्कूलमध्ये घडाघडा वचनं म्हणणारा तुमचा मुलगा यंदा दहावीत आहे. तो रविवारी उपासनेला येत नाही, कौटुंबिक प्रार्थनेत मोबाईल घेऊन बसतो आणि परवा वडिलांना सरळ म्हणाला, ‘माझा विश्वास नाही.’ वडील भडकले. त्यातून कन्फर्मेशनच्या, म्हणजे मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गात त्याचं नाव दिलेलं. ‘आमचं कुठे चुकलं?’ असं तुम्ही विचारता.

मी मात्र तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळींपाशी अडले. मागच्या वर्षी सासरे गेले. त्याआधी चार महिने घरात रोज रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची आणि सगळ्यात मोठ्याने प्रार्थना करायचा तो हाच. ताई, त्या पोराने चार महिने मागितलं आणि आजोबा गेले. त्यानंतर त्याच्याशी कोणी बोललं का? ‘देवाची इच्छा’ म्हणून आपण मोठी माणसं पाहुण्यांच्या चहापाण्याला लागतो, आणि पोरं आतल्या आत धुमसत राहतात.

बायबलमधला योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढा. लाजर वारल्यावर मार्था आणि मरीया, दोघीही येशूला एकच गोष्ट ऐकवतात: तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. सरळसरळ तक्रार आहे ही. येशू तिला अविश्वास म्हणत नाही, तो रडतो. तेरावं स्तोत्र तर ‘किती वेळ?’ या प्रश्नानेच सुरू होतं. हे मुलाजवळ बसून वाचा, समजावू नका. तुम्हालाही तेव्हा देवाचा राग आला असेल तर तसं सांगा. आजोबा का गेले याचं उत्तर तुमच्याकडे नसेल, तर नाही म्हणा. घाईघाईने दिलेलं उत्तर या वयात लगेच ओळखू येतं.

कन्फर्मेशन यंदा राहू द्या. पाळकसाहेबांशी तुम्ही दोघं जाऊन बोला, मुलाला सोबत नेऊ नका. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. एवढ्या मोठ्या घरातही एकाच्या मागोमाग दुसऱ्याला पाच वर्षं लागली. मंडळीतल्या चार जणांच्या कुजबुजीसाठी मुलाकडून खोटं वदवून घेऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याच्या बाबांनाही एक सांगायचंय. माझे वडील कडक होते. एकदा माझी चूक नसताना त्यांनी मला मारलं. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात ते प्रार्थनेला बसले आणि आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘प्रभू, आज मी माझ्या लेकरावर अन्याय केला.’ मग माझ्याकडे वळून माफी मागितली. त्यांचा आवाज कापत होता. शेकडो प्रवचनं ऐकली असतील मी, पण ती रात्र अजून तशीच डोळ्यांसमोर आहे.

क्लासची टेस्ट रविवारी असेल तर त्यावरून वाद घालू नका. रात्रीची प्रार्थना चालू ठेवा, छोटी. तो दाराशी उभा राहिला तरी पुरे.

या शनिवारी त्याला आजोबांच्या कबरीवर घेऊन जा. गवत वाढलं असेल, दोघं मिळून काढा. काही बोलला तर ऐका, नाही बोलला तरी चालेल. येताना तर्री-पोहे खा आणि मग मला लिहा.

तुमची,
मावशी