उत्तेजित ऑक्सिजनवर संशोधनासाठी परदेशी निघण्यापूर्वी

दारव्ह्याहून तुम्ही विचारले आहे की, अमरावतीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर वायू-लेसरसाठी विद्युत डिस्चार्जने (वायूतून वीज सोडून) उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जा साठवलेला, ऑक्सिजन तयार करण्याच्या विषयावर पीएच.डी. करायला अमेरिकेत यावे का. मी वणी तालुक्यातून याच कामासाठी इकडे आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

१९७७ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेत ऑक्सिजन-आयोडीन लेसर (यात उत्तेजित ऑक्सिजन आपली ऊर्जा आयोडीनच्या अणूंना देतो आणि लेसरचा प्रकाश त्यांतून निघतो) चालला, तेव्हा उत्तेजित ऑक्सिजन क्लोरीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या क्षारीय द्रावणातून मिळवला होता. तेच काम विजेवर करून दाखवायला २००५ साल उजाडले, आणि ते इलिनॉयमध्ये झाले. अडचण मुळातच आहे. ऑक्सिजनच्या रेणूला उत्तेजित व्हायला ०.९८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते आणि त्यासाठी विद्युत क्षेत्र व वायूची घनता यांचे गुणोत्तर १० टाउनसेंडच्या (हे या गुणोत्तराचे एकक) आसपास असावे लागते, परंतु स्वतःच्या बळावर टिकणाऱ्या डिस्चार्जला त्याहून पुष्कळ अधिक लागते आणि मग इलेक्ट्रॉन रेणूच फोडू लागतात. हे सुटे अणू उत्तेजित आयोडीन विझवतात, म्हणजे त्याची ऊर्जा काढून घेतात, म्हणून ते कमी करायला नायट्रिक ऑक्साइड मिसळतात. मात्र आयोडीनचे रेणू फोडायला तेच अणू उपयोगी पडत असल्याने ते सगळे काढूनही चालत नाही. माझी दोन वर्षे या एका तोलात गेली, आणि त्याबद्दल मला खंत नाही. लेसर चालायला खोलीच्या तापमानाला सुमारे १५ टक्के ऑक्सिजन उत्तेजित असावा लागतो. स्वनातीत प्रसरणाने (आवाजाहून अधिक वेगाने वायू पसरू देऊन) वायू १५० केल्विनपर्यंत थंड केल्यास ही मर्यादा ५ टक्क्यांच्याही खाली येते.

येण्यापूर्वी व्हॅक्यूमचे काम हाताने शिका. शुद्ध ऑक्सिजन ओढणाऱ्या पंपात साधे खनिज तेल घातल्यास स्फोट होऊ शकतो. पहिल्याच महिन्यात मी ती चूक करणार होतो, सहकाऱ्याने हात धरला. डीपी जळाली की ओलितासाठी स्वतः खटपट करण्याची आपल्याकडची सवय मात्र येथे फार कामी आली.

या लेसरांचा संबंध संरक्षणाशी येतो, त्यामुळे काही प्रकल्पांत परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश नसतो. तुमचा प्रकल्प तुम्हाला खुला आहे का, हे मार्गदर्शकांना आधी लेखी विचारा. फी-माफी आणि असिस्टंटशिप हेही प्रवेशपत्रात स्पष्ट लिहिलेले असावे. ते नसेल तर वडिलांना शेत गहाण ठेवू देऊ नका, एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करा.