आजोबांच्या जुन्या डायऱ्यांचा कागद किती खराब झालाय, हे घरी कसं मोजायचं? पिवळेपणावरून कळतं का?

नाही कळत. रंगावर जाऊच नका. पिवळा कागद दणकट निघतो आणि पांढरट दिसणारा हातात मोडतो.

आमचं घर पंचवटीतल्या तीर्थपुरोहितांचं. यजमानांच्या वंशावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या कपाटात आहेत. काकांचा हट्ट, की सगळ्यात जुन्या वह्या आधी लॅमिनेट करायच्या, कारण त्या आधी जाणार. मी म्हणत होतो, आधी मिलच्या कागदाच्या वह्या बघा. ऐकतो कोण! शेवटी दोन्हींतल्या कोऱ्या पानांचे कोपरे त्यांच्यासमोर दुमडले, एकदा पुढे, एकदा मागे. चिंध्यांचा हातकागद तपकिरी, कडेला कसर लागलेली, पण नुसती घडी पडली. साठच्या दशकातल्या वहीचा कोपरा दुसऱ्याच घडीला तुटून बोटात आला. काका म्हणाले, ओल लागली असेल.

ओल कसली? मिलच्या कागदात शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी घालायचे. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्याच्या, साखळ्या तोडत राहतं. प्रयोगशाळेतही ताणलेली पट्टी तुटेपर्यंत यंत्राने दुमडतात आणि घड्या मोजतात. कागद म्हातारा होताना हा आकडा फार लवकर घसरतो. दुसरं माप पीएचचं, म्हणजे कागद किती आम्लधर्मी आहे याचं; आकडा 7 च्या जितका खाली तितकं आम्ल जास्त. टिकाऊ कागदाच्या आयएसओ 9706 मानकात तो 7.5 ते 10 लागतो. घरी पीएच पेनची बारीक रेघ कोऱ्या कडेला ओढा. पिवळी राहिली तर कागद आम्लधर्मी, जांभळी झाली तर ठीक.

कागद भट्टीत 105 अंश सेल्सिअसवर 72 तास तापवला की त्याला 25 वर्षांचं म्हातारपण येतं, असा जुना हिशोब सांगतात. तो मला पटत नाही. कोरड्या भट्टीत आपला पावसाळा कुठून येणार?

आणि लॅमिनेशन अजिबात नको. आम्ल आतच राहतं आणि वर उष्णता दिली जाते. काकांनी दुकानातून करून आणलेली पानं आता प्लॅस्टिकमधून सुटत नाहीत, वहीत परत शिवताही येत नाहीत. आम्लरहित कागदाचं वेष्टन आणि कोरडं कपाट एवढं पुरे.

हो, कोपरा दुमडल्याने कागदाचं नुकसान होतंच. सुट्या पत्रांवर किंवा लिहिलेल्या पानावर हे करू नका, डायरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावरच करा.