न्यूजलेटरचे वाचक मेल उघडतात, पण उत्तर कोणीच देत नाही. त्यांच्याशी खरा संवाद कसा जुळवावा?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे: गच्चीवर आणि बाल्कनीत लावण्याजोग्या भाजीपाल्याची बियाणी व रोपे विकण्याचा आपला लहान व्यवसाय आहे, सुमारे दोन हजार जणांना आपण महिन्यातून एकदा न्यूजलेटर पाठवता, त्यांतले बरेच पत्ते प्रदर्शनांतील स्टॉलवर जमा झालेले आहेत, निम्म्याहून अधिक लोक मेल उघडतात असे आकडे दिसतात, आणि तरीही कोणी एका ओळीचेसुद्धा उत्तर लिहीत नाही. घरच्या घरी भाजी पिकवण्याविषयी मीही कित्येक वर्षे दर आठवड्याला ईमेलने एक पत्र पाठवत आले आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या नेहमीच्या कामातला आहे. माझे मत आधीच सांगते. वाचकाने लिहावे असे वाटत असेल तर त्याला सहज उत्तर देता येईल असे काहीतरी विचारावे लागते, आणि त्याने लिहिलेल्याचे पुढच्या पत्रात काय झाले हे त्याला दिसावे लागते. यातला दुसरा भाग बहुतेकांकडून राहून जातो.

मेल उघडल्याच्या आकड्यावर फार विसंबू नका. मेल उघडला हे कळते ते त्यात ठेवलेल्या एका अतिसूक्ष्म चित्रामुळे. ते चित्र सर्व्हरवरून मागवले गेले की उघडल्याची नोंद होते. सप्टेंबर 2021 मध्ये आयओएस 15 बरोबर ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची अशी सोय आणली की ती चालू असेल तर ही चित्रे ॲपलचे सर्व्हर आधीच उतरवून घेतात, मग वाचकाने मेल पाहिलेला असो वा नसो. उलट ज्याने मेलमधील चित्रे दाखवणे बंद ठेवले आहे, तो प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचत असला तरी आकड्यांत न उघडणारा ठरतो. लिंकवरच्या क्लिकचेही तसेच आहे, कारण अनेक कार्यालयांच्या सुरक्षा यंत्रणा मेल आत सोडण्यापूर्वी त्यातल्या लिंक स्वतः उघडून तपासतात. दोन महिन्यांतला कल पाहायला हे आकडे उपयोगी पडतात. पण वाचकाशी नाते जुळले की नाही हे ठरवताना मी फक्त माणसाने स्वतः लिहून पाठवलेल्या उत्तरांकडे पाहते.

'आपला अभिप्राय अवश्य कळवा' या ओळीला उत्तर येत नाही, यात वाचकाचा दोष नाही. अभिप्राय द्यायचा म्हणजे आधी मत बनवायचे, ते नीट शब्दांत मांडायचे आणि समोरच्याला ते रुचेल की नाही याचाही विचार करायचा. जेवणाच्या सुट्टीत फोन चाळणारा माणूस एवढा खटाटोप करत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीविषयी विचारले तर मात्र तो लिहितो. नाव नोंदवल्याबरोबर नव्या वाचकाला माझ्याकडून जे स्वागताचे पत्र जाते, त्यात मी असे विचारते: 'तुम्ही भाजी कुठे लावता, गच्चीवर, बाल्कनीत की अंगणात? तिथे ऊन सकाळचे येते की दुपारनंतरचे? आणि तुमचे गाव कोणते? एका ओळीत लिहिले तरी चालेल.' एका ओळीची मुभा दिली की लोक बहुधा पाच-सहा ओळी लिहितात. समोर नवी इमारत उभी राहिल्यापासून ऊन दोनच तास मिळते. सोसायटीने गच्चीवर माती न्यायला मनाई केली आहे. गावाकडे परसात असायचा तसा अळू कुंडीत लावला आहे, पण त्याची पाने खाजरी निघतात, ती कोवळी असतानाच काढावीत का? पर्यायांवर खुणा करायला लावणाऱ्या फॉर्ममधून असे काही कधी हाती लागत नाही. हे स्वागताचे पत्र त्याच क्षणी जायला हवे. आपले न्यूजलेटर मासिक असल्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला नाव नोंदवणाऱ्याला आपला पहिला शब्द तीन-चार आठवड्यांनी ऐकू येत असेल, आणि तोवर आपण कोण हेच तो विसरलेला असतो. नंतरच्या नेहमीच्या पत्रांत मात्र एका वेळी एकच प्रश्न असावा, आणि तो तळाशी जाहिरातींच्या खाली न ठेवता मुख्य मजकुरातच विचारावा.

आता उत्तर आल्यावर काय करायचे ते सांगते, कारण खरे काम तिथे आहे. एका एप्रिलमध्ये नागपूरच्या एका वाचकाने लिहिले की टोमॅटोला फुले भरपूर येतात पण फळ धरत नाही, आणि मी पत्रात सांगितलेले खत घालूनही काही फरक पडलेला नाही. मी उलट विचारले की फूल देठावरच्या गाठीपासून तुटून पडते का, आणि कुंड्या दुपारभर उघड्या उन्हात असतात का. दोन्हींना होकार आला. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर जात राहिले आणि रात्रीही हवा गरम राहिली की टोमॅटोच्या परागकणांची क्षमता घटते, फलधारणा होत नाही आणि फूल त्या गाठीपाशी सुटून गळते. तिथे खत वाढवून उपयोग नसतो. पुढच्या आठवड्याचे पत्र मी त्या वाचकाच्या प्रश्नानेच सुरू केले. परवानगी घेऊन त्यांचे गाव आणि आद्याक्षर दिले, कारण समजावले, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना सुचवले की उन्हाळ्यात टोमॅटोचा आग्रह सोडून भेंडी आणि गवार लावावी, आणि जुनी रोपे ठेवायचीच असतील तर दुपारी त्यांच्यावर शेडनेट धरावी. त्या आठवड्यात अकोला, लातूर, जळगाव अशा ठिकाणांहून उत्तरे आली, आणि त्यांत यापूर्वी कधीही न लिहिलेले लोक होते. एका वाचकाच्या पत्रामुळे सगळ्यांना जाणारे पत्र बदलले, हे त्यांनी पाहिले होते.

अशी उत्तरे साठत गेली की वाचकांचे गट आपोआप पडतात, आणि ते गट वय किंवा खरेदीच्या रकमेवरून पाडलेल्या गटांपेक्षा कितीतरी उपयोगी असतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मृगाच्या सुमाराला, मुंबई-कोकणातल्या वाचकाला कुंडीची भोके मोकळी आहेत ना आणि मुळाशी पाणी तुंबत नाही ना हे सांगायचे असते. मराठवाड्यातल्या वाचकाला त्याच दिवशी पाऊस लांबला तर पेरलेल्या बियांचे काय करायचे हे हवे असते. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला मिरची लावायला दव गोठणे थांबण्याची, म्हणजे साधारण मे महिन्याची, वाट पाहावी लागते, आणि मेलबर्नला जून हा चक्क हिवाळा असतो. सगळ्यांना एकच पत्र पाठवून त्यात वर फक्त वाचकाचे नाव घालणे ही ओळख नव्हे. प्रत्येक गटासाठी वेगळे पत्र लिहिण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो, हे मी जाणते. पण मुख्य पत्र तेच ठेवून एक परिच्छेद गटागटाने बदलणे शक्य असते, आणि न्यूजलेटर पाठवण्याच्या बहुतेक सेवांमध्ये त्याची सोय आहे.

मराठीत अशा कामाचे एक जुने उदाहरण मला नेहमी आठवते. 1920 मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली तेव्हा ती नांगर आणि शेतीची अवजारे बनवणाऱ्या कारखान्याची पत्रिका होती. शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली तिचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि जन्मात नांगराला हात न लावणाऱ्या घरांतूनही ते वाचले जाऊ लागले. कारखान्याचा माल त्यातून नाहीसा झाला नाही. पण वाचकाच्या जगण्यातले प्रश्न त्या मालाच्या पुढे गेले. आपल्या पत्रातही बियाण्यांची विक्री लपवण्याचे कारण नाही. ती एका ठरलेल्या जागी, किमतीसह, सरळ लिहावी, आणि सवलतीचे मेल वेगळे पाठवावेत, म्हणजे पत्र वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीमागे दुकान आहे अशी शंका येत नाही. बक्षिसांच्या सोडती मात्र मी कधीच सुचवणार नाही. त्यांनी उत्तरे येतात, पण ती बक्षिसासाठी येतात आणि सोडत संपताच थांबतात.

काही तांत्रिक गोष्टी संवादाच्या आड येतात, आणि त्या पाहणे अत्यावश्यक आहे. पाठवणाऱ्याच्या जागी माणसाचे नाव असावे आणि पत्ता उत्तर स्वीकारणारा असावा. 'नो-रिप्लाय' पत्त्यावरून जाणाऱ्या पत्राला उत्तर येत नाही याचे नवल वाटू नये. दुसरी गोष्ट मराठीत विशेष आढळते: मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला असतो, तो मेलमध्ये नीट उमटत नाही, म्हणून अख्खे पत्र एका मोठ्या चित्राच्या रूपात पाठवले जाते. मग ते इनबॉक्समध्ये शोधता येत नाही, दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही, आणि चित्रे बंद असली तर पत्राच्या जागी रिकामी चौकट दिसते. मजकूर युनिकोड या सर्व उपकरणांवर चालणाऱ्या पद्धतीतच लिहा. तिसरी गोष्ट लांबीची. मेलचा मजकूर सुमारे 102 किलोबाइटच्या पुढे गेला की जीमेल त्याचा उरलेला भाग कापून एका लिंकमागे ठेवते. देवनागरीतले एक अक्षरचिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट घेते, रोमन अक्षर एकच घेते, त्यामुळे सजावटीचा जड साचा वापरणारे मराठी पत्र ही मर्यादा लवकर गाठते. कापला जातो तो शेवटचा भाग, म्हणजे नेमकी नाव कमी करण्याची लिंक. ती सापडली नाही की वैतागलेला माणूस स्पॅमचे बटण दाबतो. साधा साचा, थोडी चित्रे आणि विषयाच्या ओळीत पहिल्या चार-पाच शब्दांत मुद्दा, एवढे पुरेसे आहे, कारण फोनवर त्याच्या पुढचे शब्द बहुधा दिसत नाहीत.

हेच सगळे व्हॉट्सॲप ग्रुपवर का करू नये, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. ग्रुपवर उत्तर लवकर येते हे खरे, पण ते सगळ्यांच्या समोर द्यावे लागते. ज्यांना आपले झाड का मेले हे चारचौघांत विचारायला संकोच वाटतो, असे लोक मेलवर मोकळेपणाने आणि सविस्तर लिहितात, आणि माझ्या वाचकांत तेच सर्वांत जास्त काळ टिकले आहेत. त्यांच्या प्रत्येक मेलला मी स्वतः उत्तर देते, शक्यतो दोन दिवसांत, मग ते दोन ओळींचे का असेना. उत्तरांचा ओघ माझ्या आवाक्याबाहेर जाईल असे दिसले की त्या आठवड्यात मी प्रश्न विचारत नाही. विचारून गप्प बसणे हे न विचारण्यापेक्षा वाईट.

राहता राहिले प्रदर्शनातले पत्ते. स्टॉलवरच्या वहीत नाव लिहिणाऱ्याने दरमहा पत्र मागितले होते की फक्त त्या दिवशीची सवलत, हे आज आपल्यालाही सांगता येणार नाही. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची भूमिका अशी आहे की संमती विशिष्ट कारणासाठी, पूर्ण माहितीनिशी आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी, आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले असून स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनच्या खाली ठेवण्यास सांगितले आहे. दिवसाला पाच हजार किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठीच्या जादा अटी आपल्याला लागू नसल्या तरी तक्रारी वाढल्या तर आपुलकीने वाचणाऱ्यांचीही पत्रे स्पॅममध्ये जाऊ लागतात. म्हणून या पत्त्यांवर एक छोटे पत्र वेगळे पाठवा: आपला पत्ता अमुक प्रदर्शनात मिळाला, दर महिन्याला गच्चीवरील भाजीविषयी पत्र येईल, हवे असल्यास 'हो' आणि सोबत आपल्याकडे ऊन किती तास येते एवढे लिहून पाठवा. मेल उघडल्याची नोंद आहे एवढ्यावरून कोणाला ठेवू नका. हे पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीच्या तोंडावर गेले तर उत्तम. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, आणि त्यालाही उत्तर न देणाऱ्यांचे पत्ते यादीतून काढून टाका, मग यादी निम्म्यावर आली तरी चालेल.