जीभ स्वच्छ दिसते, मग आग कसली?

ताई, तुमच्या आईंचे वय ५४. जिभेचे टोक आणि खालचा ओठ आठ महिने पोळल्यासारखे. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. दोन दवाखान्यांत 'तोंडात काहीच नाही' असे सांगितले, घरचे म्हणतात गरमी झाली. पण तुम्ही मध्येच लिहिलेले एक वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते: जेवताना आग कमी होते. तोंड आले असते तर तिखटाने जीव गेला असता. हे दुखणे बहुधा नसांचे आहे, त्याला बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणतात, आणि नस बॅटरी लावून दिसत नाही.

जिभेच्या वरच्या थरात फार बारीक नसांची टोके असतात. २००५ साली इटलीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या जिभेचा छोटा तुकडा तपासला, तेव्हा ही टोके निरोगी जिभेपेक्षा बरीच कमी भरली. मग दुखणेही कमी व्हायला हवे ना? तसे होत नाही. इजा झालेली नस कारण नसताना संदेश सोडते. शिवाय नंतरच्या एका अभ्यासात उरलेल्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचे ग्राहक (म्हणजे संवेदना टिपणारी प्रथिने) वाढलेले आढळले. ठेच्यातली मिरची झोंबते ती याच ग्राहकामुळे, आणि ४३ अंशांच्या पुढची उष्णताही तोच ओळखतो. म्हणजे मिरची न खाताच मिरचीची तार वाजत राहते.

दुसरा धागा चवीचा. जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारी नस कानाच्या पडद्यामागून जाते. चवीचा संदेश दुखण्याला लगाम घालतो असे मानतात. ती नस मंदावली की लगाम सुटतो. तोंड कडू किंवा लोखंडासारखे लागते का, हे आईंना विचारा. काहींत बिघाड मेंदूतच असतो. म्हणून डॉक्टर कधी लिग्नोकेनने जिभेची नस बधिर करून पाहतात: आग थांबली तर दोष जिभेत, तशीच राहिली तर वर मेंदूत.

पण हे निदान बाकी सगळे वगळल्यावरच करायचे. आधी रक्ततपासण्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, साखर, थायरॉइड. बी कॉम्प्लेक्स चालू असेल तर बी-१२ चा आकडा खोटाच चांगला येतो, ते आधी सांगा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीने बी-१२ उतरते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनीही आग होऊ शकते, मात्र मनाने बंद करू नका. कवळी, बुरशी, कोरडे तोंडही पाहावे लागते.

आणि आपल्याकडचा प्रश्न: तंबाखू-सुपारीचा खर्रा किंवा नुसती सुपारी? बायका लपवतात, रागावून विचारू नका. त्यांची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, गाल पांढरट, ताठ लागत असतील आणि तिखट सोसत नसेल, तर हा वेगळा रोग आहे. त्यातून कॅन्सर होऊ शकतो. मग दाखवायला उशीर करू नका.

उपचारात क्लोनाझेपामची गोळी ३ मिनिटे आगीच्या जागी चघळून लाळ थुंकतात, गिळत नाहीत. ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही: झोप येते, सवय लागते, म्हातारे माणूस रात्री पडते. नसांच्या दुखण्यावर देतात त्या नॉर्ट्रिप्टिलिनने तोंड आणखी कोरडे पडते. फेस येणारी पेस्ट बदला, लिंबू नि माउथवॉश टाळा, बर्फाचा खडा चोखू द्या. तोंडात जेलवर जेल लावण्यात अर्थ नाही.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ओरल मेडिसिन विभागात दाखवा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे न्या, मेडिकलवाल्याने सुट्या दिलेल्याही.