आफ्रिकेतल्या संशोधक स्त्रियांवर वाचायला सुरुवात करताय?

आधी एक शहर आणि एक प्रश्न धरा. 54 देशांच्या खंडावर एकदम लिहायला गेलात, तर हाती गुळगुळीत वाक्यांशिवाय काही लागणार नाही.

मी डर्बन सुचवेन. कुरेशा अब्दुल करीम या तिथल्या साथरोगतज्ज्ञ. डर्बन ज्या प्रांतात आहे, त्या क्वाझुलू-नाताळमध्ये तरुण मुलींना एचआयव्हीची लागण त्यांच्या वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त होत होती. जोडीदार निरोध वापरायला तयार नसेल, तर बाईच्या स्वतःच्या हातात काय उरतं? त्यातून करीम यांच्या 'कॅप्रिसा' या संशोधन संस्थेने 889 स्त्रियांवर टेनोफोविर जेलची, म्हणजे योनीत लावायच्या एचआयव्हीविरोधी औषधाच्या जेलची, चाचणी घेतली. 2010 मध्ये निकाल आला: लागण 39 टक्क्यांनी कमी. बरेच जण इथेच टाळ्या वाजवून थांबतात. तुम्ही पुढे वाचा. 2015 मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत एकूण फायदा दिसलाच नाही, कारण अनेकींना जेल नियमित वापरता आलं नव्हतं. बऱ्याच जणी आईवडील-भावंडांसोबत राहणाऱ्या. एकांत कुठून आणणार? याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. त्यासाठी लिंगभाव अभ्यासाकडेच यावं लागतं.

तिथे 'फेमिनिस्ट आफ्रिका' हे नियतकालिक हाताशी ठेवा. 2002 मध्ये केपटाउन विद्यापीठात अमिना मामा यांच्या संपादनाखाली ते सुरू झालं, आणि अंक फुकट वाचता येतात.

टिपणवहीत सगळी नावं दक्षिण आफ्रिकेतलीच दिसायला लागली, की युगांडातल्या कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठाकडे वळा. कायदा आणि लैंगिकता यांवर कायद्याच्या अभ्यासक सिल्विया तमाले यांनी तिथूनच लिहिलंय. वाचायला सोपं नाही, पण चुकवू नका.