खाणीच्या गावात खोल्या बांधाव्यात का?

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीचा. सुरजागडची लोहखनिजाची खाण जोरात सुरू झाल्यापासून इकडे खोलीचं भाडं दुपटीवर गेलंय; बदलून आलेल्या शिक्षकांनाही खोली मिळेना. रस्त्यालगत माझा प्लॉट आहे. कर्ज काढून बारा खोल्या काढाव्या म्हणतो. एक ठेकेदार म्हणतो, 'पाच वर्षं सगळ्या मीच घेतो.' मागची आदिवासी शेजाऱ्याची जमीनही तीस वर्षांच्या करारावर मिळतेय. काय करू?

उत्तर : भाऊ, माझी सगळी नोकरी कोळसा खाणीच्या कॉलनीत क्वार्टर वाटपाच्या टेबलावर गेली. खाणीच्या गावात माणसं दोन खेपांत येतात. आधी रस्ते, शेड, प्लांट उभारणारे. ते भरपूर असतात, पण काम संपलं की बिऱ्हाड उचलतात. मग कायम नोकरीवाले. ते कमी, आणि कंपनीची कॉलनी झाली की तिकडे जातात. आजचं भाडं पहिल्या खेपेचं आहे. तुमचे हप्ते मात्र दुसऱ्या खेपेतही चालू असतील.

ऑस्ट्रेलियातलं मोरानबाह हे कोळशाचं गाव. 2012च्या सुमारास तिथलं साधं घर सात लाख डॉलरच्या घरात होतं, 2016पर्यंत ते दोन लाखांच्या आसपास उतरलं. आणि गावाभोवतीच्या बहुतेक खाणी तर चालूच होत्या! कोळशाचा भाव उतरला, त्यात कंपन्यांनी कामगार विमानाने आणून कॅम्पात ठेवले. गोव्यात तर 2012मध्ये आणि पुन्हा मार्च 2018मध्ये खाणीच थांबल्या. ट्रकवाल्यांच्या डोक्यावरची कर्जं तशीच राहिली.

तेव्हा बारा नको, चार खोल्या काढा. पाया तेवढा वरच्या मजल्याच्या हिशेबाने घाला. आजच्या निम्म्या भाड्यात हप्ता निघत असेल तरच कर्जाला हात लावा. ठेकेदाराला नोंदणीकृत करार आणि सहा महिन्यांचं डिपॉझिट मागा. बहुधा तिथेच त्याची पाच वर्षं आटतील. एका खोलीत आठ-आठ माणसं कोंबू देऊ नका, बोअर आणि सेप्टिक टँक पहिल्याच उन्हाळ्यात हात टेकतात. दोन खोल्या शिक्षक-नर्सना द्या. भाडं थोडं कमी येईल, पण शाळा आणि दवाखाना खाणीबरोबर हलत नाहीत. कंपनी कॉलनी कुठे, कधी बांधणार, हे ग्रामपंचायतीने लेखी विचारावं. तुमचा निम्मा हिशेब त्या उत्तरावर आहे.

शेजाऱ्याच्या जमिनीचा विचार सोडा. जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ भाडेपट्ट्यालाही लागू आहे. बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, त्यापुढे राज्य शासनाची पूर्वमान्यताही. स्टँप पेपरवर सह्या करून देणारा दलाल हे सांगणार नाही.